विमानानं पावणेदोन तास

मागच्या मे महिन्यात माझी थोरली बहीण गेली. तिला मी आक्का म्हणायचो. वडूजच्या पुढं माळाला लागून एक वस्ती आहे, तिथं तिचं सासर. मी राहतो चेन्नईत. आमच्या आटपाडी-खानापूरकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत, त्यातलाच मी एक. सोनाराकडची मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, आणायची, भट्टीवर मुशीत वितळवायची, शुद्ध करून परत द्यायची. गलाई म्हणतात याला. तीस वर्षं भट्टीपुढं बसून माझं डोकंही लवकर तापायला लागलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या डोक्याचा हात आहे.

पहाटे पाचला भाच्याचा फोन आला. आक्काचा एकुलता एक मुलगा, चाळिशीला आलेला, शेती आणि मेंढरं दोन्ही सांभाळणारा शांत गडी. "मामा, आई गेली," म्हणाला. "झोपंतच गेली. आबा उठवाया गेलं, तर..."   मग नाक ओढून त्यानं विचारलं, "मामा, माती कवा धरायची?"

आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. माती कधी धरायची, म्हणजे तिरडी किती वाजता उचलायची. आणि हे तो मला विचारत होता त्याला कारण होतं. बाई गेली की तिच्या अंगावर सगळ्यांत वरचं लुगडं पडतं ते माहेरचं. सासरचं, लेकीसुनांचं सगळं खाली. माहेरचं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आक्का सवाष्ण गेली होती, म्हणजे हिरवं लुगडं. आणि माहेर म्हणून उरलं होतं कोण? आई-वडील केव्हाच गेले. सख्खा असा मी एकटा, तोही पार समुद्राच्या कडेला जाऊन बसलेला.

एक फोन कानाला लावून मी बायकोच्या फोनवर विमानं बघायला लागलो. चेन्नई ते पुणे, हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास, वेळ पावणेदोन तास. साडेनऊला सुटणार, सव्वाअकराला पुण्यात. एकच सीट मिळत होती.

"सव्वाअकराला पुण्यात उतरतोय," मी म्हणालो. "दीडला वस्तीवर. लय झालं तर दोन."

"मग तीनला धरतो," भाचा म्हणाला. "हितली माणसं म्हणत्यात, आटपाडीसनं भावकीतलं कोन तर लुगडं घिऊन इल. जवळ पडतंय..."

"कुणी आणायचं न्हाई!" मी ओरडलोच. "सख्खा भाऊ जित्ता हाय तिचा. लुगडं मीच आणणार. विमानानं पावणेदोन तास हाय म्हणावं. सांग सगळ्यांना."

सांगायची गरज नव्हती. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला होता, सगळ्या वस्तीनं ऐकलं. पाच मिनिटांत भावकीच्या ग्रुपवर मेसेज पडला, दुपारी तीन वाजता. फलटणपासून शिराळ्यापर्यंतचे सोयरे त्या तीनच्या हिशोबानं निघाले.

हे पावणेदोन तास आम्हा गलाईवाल्यांच्या जिभेवर कायम असतात. गावी जत्रेला गेलो आणि कुणी विचारलं, "किती लांब ऱ्हातोस रं?" तर किलोमीटर कुणी सांगत नाही. कोचीवाला सांगतो दोन तास, हैदराबादवाला सांगतो तासभर. गुवाहाटीवाला तर मध्ये विमान बदलायचं असतं तेही गाळून सांगतो, खुशाल! घरापासून विमानतळ, तिथं दोन तास आधी जाऊन बसणं, उतरल्यावर गाडी मिळवणं, पुण्यातली गर्दी, घाट, वडूजच्या पुढचा खडीचा रस्ता, हे सगळं आम्ही गिळून टाकतो. का, तर लांब राहतो असं कुणाला वाटू नये. त्यांना वाटलं की आपल्यालाही वाटतं, मग झोप लागत नाही.

आमच्या वडलांना असलं काही करावं लागलं नाही. ते मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरायचे. अमकं गाव किती लांब म्हणून विचारलं, तर चार मुक्काम नाहीतर सहा मुक्काम असं सांगायचे. मुक्काम म्हणजे मेंढरांच्या चालीनं दिवसभर चालून संध्याकाळी जिथं वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावायची ती जागा. ओढ्याला आलेलं पाणी, वाटेत व्यालेली मेंढी, तापलेलं पोर, सगळं त्यात धरलेलं असायचं. सहा म्हणाले की सहाव्या संध्याकाळी माणूस तिथं दिसायचा. त्या वाटेवर आक्कानं मला काखेला मारून नेलं आहे. ती आठ वर्षांची होती, मी दोनचा.

आक्कापुढं माझे पावणेदोन तास चालायचे नाहीत. पहिल्यांदा विमानानं गेलो तेव्हा तिच्या ओसरीवर बसून मी केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं! ती ज्वारी पाखडत होती. सुपातनं मान वर न काढता म्हणाली, "आन् इमान आमच्या माळावर उतरतंय व्हय रं?"

"न्हाई गं, पुण्यात."

"मग पुण्यासनं हितवर कशानं आलास? पाखरावर बसून?"

सगळे हसले. दाजी, म्हणजे भाच्याचे आबा, तर खोकला येईपर्यंत हसले. मी चिडलो होतो, अजून आठवतं.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यातली नव्हती. आई गेली तेव्हा विमान माझ्या खिशाच्या बाहेरचं होतं. रेल्वेनं निघालो, गाडी चुकली, दुसरी धरली, मिरजेला उतरलो, तिथनं एसटी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात पाय टाकला तेव्हा सकाळी राख सावडूनही झाली होती. आईचं तोंड मी बघितलं नाही. आक्कानं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुजं काय चुकलं न्हाई, गाडीच तशी हाय." तिनं रागवायला पाहिजे होतं. रागवली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी मनाशी धरून ठेवलं होतं की आक्काच्या वेळी मी असणार. काय वाटेल ते झालं तरी असणार.

बायकोनं कपाट उघडून एक हिरवी साडी काढली. तिच्या माहेरच्या लग्नासाठी घेतलेली, घडी न मोडलेली, कागदासकट. तिनं ती पिशवीत घालून पिशवी माझ्या हातात दिली. "तुम्ही काही खाऊन निघा," एवढंच म्हणाली. मी खाल्लं नाही. तिकडं कुणी खाणार नव्हतं, मला माहीत होतं. माती होईपर्यंत भावकीत चूल पेटत नाही. तिथं भावकी म्हणजे तीस-पस्तीस घरं, त्यात म्हातारीकोतारी, साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेणारी माणसं. माझ्या दोन वाजण्यावर त्या सगळ्यांचं जेवण अडलं होतं.

आठ वाजता विमानतळावर पोचलो. साडेआठला फलकावर साडेनऊचे दहा झाले. मग साडेदहा. मी काउंटरवर गेलो. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला की आमचं विमान अजून दुसऱ्या गावाहूनच यायचं आहे. म्हणजे जे विमान मला नेणार होतं ते त्या घडीला कुठल्या तरी तिसऱ्याच आभाळात होतं! मी त्याच्यावर मराठीत, हिंदीत आणि तमिळमध्ये एकदमच ओरडलो. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी ती घेतली नाही, आणि मग अर्ध्या तासानं तहान लागली तेव्हा विकत घेतली.

एका जागी बसवेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो, फलक बघायचो, पिशवीत हात घालून साडी आहे ना ते चाचपायचो. दहाला भाच्याचा फोन आला.

"मामा, बसला का इमानात?"

"बसलोय की," मी म्हणालो. "सुटतंय आता."

का खोटं बोललो? खरं सांगितलं असतं तर त्यांनी आटपाडीला फोन करून दुसरं लुगडं मागवलं असतं. साडेबारापर्यंत ते पोचलं असतं आणि ऊन वाढायच्या आत आक्का मार्गी लागली असती. एवढं सरळ होतं. मला ते कळत होतं, आणि तरी मी बसलोय म्हणालो.

अकरा चाळीसला विमान हललं. माझी सीट मधली. खिडकीशी एक पोरगी कानात बोंडं घालून झोपलेली. वर गेल्यावर मी घड्याळाकडं बघत बसलो. आभाळात माणसाला करण्यासारखं काहीच नसतं. घाई असेल तर गाडीत निदान ड्रायव्हरला बोलता येतं, रेल्वेत दारात जाऊन उभं राहता येतं. इथं पट्टा बांधून घ्यायचा आणि कॉफी घेणार का ते सांगायचं.

अर्धा तास उरला असेल-नसेल, तेव्हा मी त्या पोरीच्या अंगावरनं वाकून खाली बघितलं. खाली काळा-तांबडा माळ होता. बोडके डोंगर, कोरडे ओढे, मध्येच एखाद्या पाझर तलावाचं चमकणारं पाणी. ती जमीन मी ओळखली. पायानं तुडवलेली जमीन वरनंही कळते. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमानाचं चित्र सोलापूरच्या पुढं, पंढरपूरच्या जवळपास आलेलं होतं, आणि डाव्या हाताला माण-खटावचा मुलूख. माझी आक्का तिथं खाली अंगणात पडलेली होती. तिच्यासमोर माणसं बसली होती, रस्त्याकडं बघत. आणि मी वरनं चाललो होतो. थांबता येत नव्हतं. तिला ओलांडून दीडशे किलोमीटर पुढं जायचं, उतरायचं, आणि तेवढंच परत मागं यायचं. मला इतका संताप आला की मी पुढच्या सीटवर बुक्की मारली. पुढचे गृहस्थ वळून बघायला लागले. पोरगी जागी झाली आणि कानातलं काढून म्हणाली, "काका, बरं वाटत नाही का?"

"बहीण गेली," मी म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं, आणि मग रडू आलं ते चाकं टेकेपर्यंत. त्या पोरीनं खिडकीची जागा मला दिली. मी तिथं बसलो तोवर माळ मागं पडला होता.

पुण्यात बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. टॅक्सीचा ड्रायव्हर पन्नाशीचा, पोट सुटलेला, निवांत माणूस होता. गाडीत बसत त्यानं विचारलं, "वडूज म्हणजे लांबचं भाडं आहे. किती वाजता पोचायचं होतं साहेब?"

"दोनला."

त्यानं घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हसायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. "मयत आहे का?" म्हणाला. मी हो म्हणालो. मग म्हणाला, "सासवडवरनं जाऊ. फलटण, दहिवडी, वडूज. रस्ता बारका आहे पण चालता राहील."

"हायवेनं चला," मी म्हणालो. "मला अक्कल शिकवू नका, त्या भागातलाच आहे मी."

त्यानं गिअर टाकला. हायवेनं निघाला. आता वाटतं, त्या दिवशी शहाण्यासारखं बोलणाऱ्या प्रत्येक माणसावर मी खेकसलो होतो.

कात्रज ओलांडायलाच सव्वातीन झाले. तीनची माती होती. भाच्याचा फोन येणार हे माहीत होतं, म्हणून मीच केला. "पुण्याच्या भाईर पडलोय," म्हणालो, "सुसाट निघालोय." त्याच्या मागं धप्प असा आवाज झाला, जड काही जमिनीवर टाकल्यासारखा. मग आणखी एक.

"काय रं ते?"

"काय न्हाई मामा."

"काय हाय?"

"बरफ हाय. वडूजसनं आणलाय. तुमी या सावकास, आमी थांबतोय."

मागून कुणी म्हातारा मोठ्यांदा बोलला, "इचार त्याला, इमान हाय का बैलगाडी!" भाचा त्याच्यावर ओरडला, "आवं गप बसा की जरा!" त्या शांत पोराला कुणावर ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. तेही माझ्यासाठी.

खंबाटकी घाटात गाड्या उभ्या होत्या. पुढं वळणावर एक मालट्रक आडवा झाला होता म्हणे. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मेचं ऊन, चारची वेळ, पत्रा तापलेला. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं उतरून कडेला कणसं खात उभी. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. ड्रायव्हरनं सासवडचं नावही काढलं नाही. एकदाच म्हणाला, "पाणी प्या."

मी पिशवी घेऊन उतरलो आणि चालायला लागलो. कुठं चाललो होतो? वस्ती तिथनं ऐंशी-नव्वद किलोमीटर. पण पाय थांबेनात. ट्रकांच्या मधनं, डिझेलच्या वासातनं, घाट चढत निघालो. मागनं ड्रायव्हर ओरडत होता, "अहो साहेब, येडे झाले का, या मागं!" दोन वळणं चढलो. छाती भरून आली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. कठड्याला टेकून उभा राहिलो. घड्याळात पाच वाजले होते आणि सूर्य पश्चिमेला बराच खाली आला होता. दिवस मावळला की आमच्याकडं अग्नी देत नाहीत, सकाळपर्यंत ठेवतात. म्हणजे बर्फावर रात्रभर. म्हणजे आणखी एक दिवस कुणी जेवणार नाही.

फोन वाजला. भाचा असेल म्हणून उचलला, तर दाजी होते. आक्काचा नवरा. पंचाहत्तरीचा माणूस, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्यांना फोनवर बोलायची सवय नाही. कुणीतरी लावून द्यावा लागतो, आणि मग ते लांबच्या माणसाला हाक मारल्यासारखं ओरडून बोलतात.

"पाव्हणं! कुटवर आलाय?"

"घाटात हाय दाजी. गाड्या तुंबल्यात."

"जेवला का न्हाई?"

"न्हाई."

"मग खावा काय तरी. उनाचं उपाशी फिरू नका." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका, की मला फोन कानावर दाबावा लागला. "पाव्हणं, मांडव घातलाय, पन ऊन फिरलंय. तिच्या तोंडावर याय लागलंय. मी छत्री धरून बसलोय. हात भरून आला गड्या."

 पहाटे पाचपासून मी माझ्या येण्याचा विचार करत होतो. माझं तोंड बघणं, माझं लुगडं, मागच्या वेळी राहिलेलं या वेळी फेडणं. आणि तिथं एक म्हातारा बायकोच्या तोंडावर छत्री धरून बसला होता, मेहुणा येईपर्यंत. मला माझी लाज वाटली. मनापासून लाज वाटली.

"दाजी," मी म्हणालो, "उरका. माझी वाट बघू नका."

"आँ?" पलीकडनं आलं.

"आवं उरका म्हणतोय की! मी काय दिवस बुडायच्या आत येत न्हाई. उचला तिला."

"आन् लुगडं?"

"कुणाचं बी घाला. भावकीतल्या कुणाचं बी. माझं नाव सांगू नका, जाऊ द्या." आणि मी त्या कठड्यावर बसून पोरासारखा रडलो. कणसं विकणारी बाई लांबून बघत होती. जवळ आली, शेजारी उभी राहिली, मग गिऱ्हाईक आलं तशी गेली.

साडेपाचला पुन्हा भाच्याचा फोन. "मामा, तुमी खरंच म्हणताय न्हवं? उरकू?"

"व्हय. उरका."

"तुमी सोताच म्हणताय न्हवं?"

मला वैताग आला. एकदा सांगितलेलं पुन्हा पुन्हा काय वदवून घ्यायचं! "मीच म्हणतोय रं बाबा. कितींदा सांगू? उचला."

"बरं मामा," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

गाड्या हलल्या तसं ड्रायव्हरनं मला वळणावर गाठून गाडीत घेतलं. घाट सुटला, साताऱ्याला बगल दिली, कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं. आता घाई नव्हती, म्हणून रस्ता मोकळा होता, असंच असतं. ड्रायव्हरनं एका टपरीपाशी गाडी थांबवून दोन चहा आणले आणि एक माझ्या हातात कोंबला. मी त्याची माफी मागितली. "त्यात काय साहेब," म्हणाला, "आमच्या घरी पण झालंय असं."

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओढ्याच्या कडेला, खालच्या अंगाला जाळ दिसत होता. मी थेट तिकडंच गेलो. भाचा तिथं दोन-तीन माणसांबरोबर बसला होता. मला बघून उठला आणि गळ्यात पडला. आम्ही जाळाकडं बघत उभे राहिलो. आक्काचं तोंड मला दिसलं नाही. आईचं नाही आणि आक्काचंही नाही.

घरी आलो तर ओसरीवर माणसं जेवत होती. सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली होती. मी मान खाली घालून बसलो, कुणीतरी बोलेल म्हणून.  दुपारी फोनवर बैलगाडी म्हणणारा म्हातारा उठून माझ्याजवळ आला, पाठीवर हात ठेवला आणि "लय दगदग झाली तुजी," एवढं बोलून हात धुवायला गेला. दाजी खांबाला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर उलटा ठेवला होता, आणि त्याची बोटं अधूनमधून आपोआप हलत होती.

भाच्याची बायको माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ही सून आक्काची लाडकी, सासूला आत्या म्हणायची. दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. डोळे सुजून गेले होते तिचे. मी तिला विचारलं, "लुगडं कुणाचं घातलं गं शेवटी?"

"तुमचंच की मामा."

"माझं कुठलं? माझं हे बघ, पिशवीत हाय."

ती माझ्यासमोर खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. "आत्यांनी घिऊन ठिवलं व्हतं. चार वर्सं झाली. वडूजच्या बाजारातनं सोता जाऊन आणलं, हिरवं. ट्रंकंत तळाला ठिवलं आन् मला दावलं. म्हणल्या, माजा भाऊ लांब ऱ्हातो. त्याला याया जमलं न्हाई तर हे घाला आन् त्याचं म्हणून सांगा. तसंच सांगितलं आमी समद्यास्नी. भावाचं लुगडं घिऊनच गेल्या त्या."

मला आधी काही कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा डोकं भडकलं. "मग सकाळीच का न्हाई काढलं?" मी ओरडलो. जेवणारी माणसं थांबली. "ट्रंकंत लुगडं असताना? दिवसभर ती उनात पडली, माणसं उपाशी, म्हातारा छत्री धरून बसला! सकाळी आठलाच झालं असतं की सगळं! कुणी अडवलं व्हतं तुमाला?"

भाचा मध्ये बोलायला लागला, पण तिनं हातानं त्याला थांबवलं.

"आत्यांनीच अडवलं व्हतं," ती म्हणाली. "म्हणल्या, त्यो येतो म्हणत असंल तवर ह्ये भाईर काढायचं न्हाई. कितीबी येळ हुंदे, माजं काय बी हुंदे, थांबायचं. त्यो सोताच्या तोंडानं थांबू नका म्हणला, तरच काढायचं. आईच्या येळंला ऱ्हायलं ते त्याच्या मनातनं अजून गेलं न्हाई. माज्या येळंला तरी त्याला असं वाटू नये, की आपली वाटच कुणी बघितली न्हाई."

पहाटे पाचपासून संध्याकाळी पाचपर्यंत मी येतो म्हणत होतो.